किडनी बदलल्यानंतर : गोळ्या, जेवण आणि इतर औषधं यांचा मेळ कसा घालायचा

कप बशीत ठेवताना खडखडला. आई म्हणाली, "थंडी वाजतेय का रे?" मे महिना होता आणि पंखा पाचवर होता. चार दिवसांपासून खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून लिहून दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू होतं. ट्रान्सप्लांटला दीड वर्ष झालं होतं, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल सहाच्या आसपास स्थिर होती आणि मी स्वतःला या विषयातला जाणकार समजायला लागलो होतो. पाचव्या दिवशी रक्त दिलं. लेव्हल २१.४. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, १.२ वरून १.९ वर. टॅक्रोलिमसची एकही गोळी मी जास्त घेतली नव्हती.

दोष त्या डॉक्टरांचा म्हणावा, तर त्यांनी विचारलं होतं, "दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी म्हणालो होतो, "बीपीची आणि किडनीची." किडनीची गोळी असं औषध जगात नाही. त्या एका वाक्याने माझी आईने दिलेली किडनी पंधरा दिवस टांगणीला लागली.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं मी जे करत आलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. लिहिलंय किडनीच्या निमित्ताने. पण यकृत किंवा हृदय बदललेले लोक, ल्युपससारख्या आजारासाठी हीच औषधं घेणारे लोक, यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. एक गोष्ट मात्र कुणाच्याही लेखावरून करायची नाही : डोस स्वतःच्या मनाने बदलणं. तो तुमचे किडनीचे डॉक्टर, म्हणजे नेफ्रोलॉजिस्ट, ठरवतील. आपलं काम त्यांना वेळेवर आणि नेमकं सांगणं.

आधी हे का होतं ते बघू

टॅक्रोलिमसची गोळी पोटात गेली की ती सगळीच्या सगळी रक्तात पोचत नाही. आतड्याच्या अस्तरात आणि पुढे यकृतात सीवायपी-३ए-४ नावाचं एन्झाइम असतं. जुन्या जकात नाक्यासारखं समजा : येणाऱ्या मालातला मोठा हिस्सा तिथेच कापला जातो. सरासरी पाव भाग जेमतेम आत पोचतो, आणि तुमचा डोस ही कापणी धरूनच ठरवलेला असतो. क्लॅरिथ्रोमायसिन आलं की नाकेदाराचे हात बांधले जातात आणि माल न कापता आत जातो. टीबीचं रिफाम्पिसिन आलं की उलटं होतं. नाक्यावर माणसांची भरती होते आणि आत जवळजवळ काहीच पोचत नाही.

लेव्हल वर गेली तर हात थरथरतात, डोकं दुखतं, साखर आणि पोटॅशियम वाढतं, आणि ज्या किडनीला वाचवायला हे औषध घेतो तिलाच ते मारायला लागतं. लेव्हल खाली गेली तर काहीच होत नाही. दुखत नाही, खुपत नाही, उलट हाताची थरथर थांबल्याने बरंच वाटतं. शरीर मात्र आतल्या आत त्या किडनीला परकी ठरवायला लागलेलं असतं आणि ते पुष्कळदा कळतं थेट क्रिएटिनिनच्या रिपोर्टात. म्हणून मला वाढलेल्या लेव्हलपेक्षा घसरलेल्या लेव्हलची भीती जास्त वाटते.

ट्रान्सप्लांटची या नाक्यावरून जाणारी मुख्य औषधं चार : टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस आणि एव्हरोलिमस. मायकोफेनोलेट आणि अझाथायोप्रिन ही औषधंही त्याच कामाची, पण त्यांची वाट वेगळी आणि त्यांचे शत्रूही वेगळे. ते पुढे येतील.

पायरी पहिली : कागद करा

पाकिटात मावेल एवढा. माझा असा आहे :

टॅक्रोलिमस, साधी, १.५ मि.ग्रॅ., सकाळी ७, संध्याकाळी ७
मायकोफेनोलेट सोडियम ३६० मि.ग्रॅ., सकाळी ७, संध्याकाळी ७
प्रेडनिसोलोन ५ मि.ग्रॅ., नाश्त्यानंतर
टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ., रात्री
खाली : शेवटची लेव्हल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, तारीख

ब्रँडचं नाव कंसात, पण औषधाचं मूळ नाव आधी. ब्रँड शंभर असतात, आणि तुमच्या शहराबाहेरच्या डॉक्टरांना तुमचा ब्रँड ठाऊक असेलच असं नाही.

'साधी' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. टॅक्रोलिमस दोन प्रकारचं मिळतं : दिवसातून दोनदा घ्यायचं आणि हळूहळू विरघळणारं, दिवसातून एकदाच घ्यायचं. दोन्हींवर मिलिग्रॅमचा आकडा सारखा असला तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. मायकोफेनोलेटचंही तसंच. मोफेटिल ५०० मि.ग्रॅ. म्हणजे सोडियम ३६० मि.ग्रॅ.च्या तोडीचं. दुकानदार "तेच आहे हो, दुसऱ्या कंपनीचं" म्हणाला तरी खोका उलटून पूर्ण नाव वाचायचं. कंपनी बदलावीच लागली, आणि भावामुळे किंवा तुटवड्यामुळे ती बदलावी लागते, तर हॉस्पिटलला कळवून आठ-दहा दिवसांत लेव्हल काढून घ्यायची. मी एक महिन्याच्या गोळ्या कायम पुढे ठेवतो, म्हणजे दुकानात नडायची वेळ येत नाही.

पायरी दुसरी : घड्याळ आणि पोट

टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन-तीन तास, म्हणजे पोट बऱ्यापैकी रिकामं हवं. तुपकट, तळलेल्या जेवणाबरोबर घेतली तर गोळी कमी शोषली जाते. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रोज सारखंच करायचं. एक दिवस उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी मिसळपावानंतर, तिसऱ्या दिवशी विसरून दहा वाजता, असं चाललं तर लेव्हल वरखाली होते आणि डॉक्टर त्या हलत्या आकड्यावरून डोस ठरवत बसतात.

माझं वेळापत्रक घरातल्या चहावर बसवलेलं आहे. सकाळी साडेपाचला उठतो, सातला गोळी, सव्वाआठला नाश्ता. चार वाजता चहा-बिस्किट उरकतो, सातला गोळी, साडेआठला जेवण. लग्नकार्यात पंगत साडेसातला वाढली तर मी वाढपाला मदत करत फिरतो.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मात्र खाल्ल्यावर, नाहीतर पोट जळतं. ते अचानक बंद तर कधीच करायचं नाही.

मायकोफेनोलेटचा शत्रू म्हणजे ॲसिडिटीची पांढरी-गुलाबी औषधं. ज्यांत ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं ती त्याला आतड्यात धरून ठेवतात आणि शोषू देत नाहीत. दोन तासांचं अंतर ठेवा. फॉस्फरससाठी सेव्हेलामर चालू असेल तर ते मायकोफेनोलेटच्या दोन तास नंतर. पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी मोफेटिल प्रकाराचं शोषण घटतं, सोडियम प्रकाराचं नाही. आपला प्रकार कुठला हे कागदावर हवं, ते याही कारणासाठी.

आता लेव्हलचा दिवस. लेव्हल म्हणजे पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीचा, सर्वांत खालचा आकडा. त्या सकाळी गोळी घ्यायची नाही. ती खिशात टाकून लॅबमध्ये जायचं, रक्त द्यायचं आणि तिथेच पाण्याबरोबर घ्यायची. सवयीने घरी गोळी घेऊन निघालात तर आकडा खोटा मोठा येतो, त्यावरून डोस कमी केला जातो आणि मग खरी लेव्हल खाली जाते. हे माझ्या हातून एकदा झालं. रक्त काढणाऱ्या मुलीने विचारलं, "शेवटची गोळी किती वाजता?" आणि माझी जीभ दाताखाली आली. लाज न बाळगता "आज नको, उद्या येतो" म्हणावं. सायक्लोस्पोरिनवाल्यांची कधी गोळीनंतर दोन तासांनीही लेव्हल मागतात. त्यांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नीट वाचावं.

गोळी विसरलात तर? दोन-चार तासांत आठवली तर घ्यायची, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडायची, आणि दोन गोळ्या एकदम कधीच घ्यायच्या नाहीत. किती तासांपर्यंत घ्यायची याचा प्रत्येक हॉस्पिटलचा आपला नियम असतो. तो एकदा विचारून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.

पायरी तिसरी : स्वयंपाकघर

डिस्चार्जच्या वेळी हातात ठेवतात त्या पत्रकात 'ग्रेपफ्रूट टाळा' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ग्रेपफ्रूट खातो कोण, म्हणून ती ओळ सगळे ओलांडून जातात. त्याचा सख्खा भाऊ आपल्या बाजारात बसलेला आहे : पपनस. कोकण-गोव्यात तोरंजन. गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीवर बांधतात त्या चौकटीला, ते टांगलेलं असतं आणि विसर्जनानंतर घरोघर सोलून खाल्लं जातं. ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्हींत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात आणि ती आतड्यातल्या त्या नाकेदाराला कायमचा निकामी करतात. शरीर नवा नाकेदार नेमेपर्यंत एक ते तीन दिवस जातात. म्हणून "गोळी सकाळी घेतली, पपनस दुपारी खाल्लं, मध्ये सहा तास गेले" हा हिशेब चालत नाही.

ही गोष्ट सापडली कशी तेही मजेदार आहे. कॅनडातल्या लंडन नावाच्या गावी डेव्हिड बेली यांचा गट फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होता. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. १९८९ साली ते छापून आलं. तोवर फळ औषधाला एवढं हलवू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग संत्र्याचं काय? नागपूरचं संत्रं, जालन्याची मोसंबी या यादीत येत नाहीत. पोटॅशियम ठीक असेल तर खुशाल खा. परदेशात राहणाऱ्यांनी मार्मलेडची बाटली वाचावी. ते कडू, सेव्हिल जातीच्या संत्र्याचं असेल तर नको. मिश्र फळांच्या रसाच्या खोक्यावरही ग्रेपफ्रूट बारीक अक्षरात लपलेलं असतं.

कमरख, म्हणजे गोव्यातलं करमल, हे फळ किडनी कमजोर असलेल्या माणसाला विषासारखं आहे. उचक्या, गोंधळलेपण, फेफरं इथपर्यंत जातं. लोणच्यातली फोडही मी घेत नाही. डाळिंबाचे चार दाणे कोशिंबिरीत चालतात, पण "रक्त वाढेल" म्हणून रोज ग्लासभर रस लावून घेऊ नका.

हळदीवरून आमच्या घरात खरं भांडण झालं. भाजी-आमटीतली चिमूट-दोन चिमूट हळद कुणीही बंद करायला सांगत नाही. पण रोज रात्री हळदीचं दूध, वर मिरपूड, किंवा सांधेदुखीसाठी कर्क्युमिनच्या कॅप्सूल, ही वेगळी गोष्ट आहे. दिवसाला कित्येक चमचे हळद खाल्ल्यावर टॅक्रोलिमस विषारी पातळीला गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. मिरी आणि पिंपळीतलं पायपरिन तर औषधं शोषून घ्यायला मदत करतं अशीच त्याची ख्याती आहे, आणि कर्क्युमिनच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये ते त्यासाठीच घातलेलं असतं. आईला मी एवढंच सांगितलं, "फोडणीत घाल, दुधात नको." तिने आठ दिवस अबोला धरला आणि मग ऐकलं.

पोटॅशियम हा वेगळा हिशेब. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही ते रक्तात साठवतात. वर बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, वर संसर्ग टाळण्यासाठी सुरुवातीला देतात ते को-ट्रायमोक्सॅझोल, म्हणजे तिघेही एकाच दिशेने ढकलणारे. अशात भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतो. शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २०० ते २५० मि.ग्रॅ. पोटॅशियम असतं, एका मोठ्या शहाळ्याचं काय होईल ते तुम्हीच गुणा. त्याहून छुपं म्हणजे बीपीवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ. सोडियम काढून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. घरात वडिलांसाठी ते आणलं असेल तर डबा वेगळा ठेवा.

उपवासही इथेच सांगतो. एकादशीला बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, शहाळं, सगळं एका ताटात. पोटॅशियम ५.२ पर्यंत चढलं असेल त्या महिन्यात एकादशी पांडुरंगाला माफ करायला सांगा. आणि निर्जळी उपवास अजिबात नको. शरीर सुकलं की किडनीला पहिला फटका बसतो.

पायरी चौथी : काढे, चूर्णं आणि शेजारच्या काकू

ही औषधं प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी आहेत. प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही घेणं म्हणजे एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्याने कडी काढायची. गुळवेल, अश्वगंधा, इकिनेशिया, यांतलं काही नको. च्यवनप्राशात आवळ्याबरोबर गुळवेल आणि पिंपळीही असते, हे डब्यावर वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. २०२० मध्ये घरोघरी सुंठ-मिरी-दालचिनीचे काढे उकळत होते तेव्हा मला सर्वांत जास्त "नाही" म्हणावं लागलं. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर हरकत घेतली आणि वाद झाला. पण ज्याला आयुष्यभर टॅक्रोलिमस घ्यायचंय त्याने त्या वादाचा निकाल लागायची वाट कशाला बघायची?

त्रिकटू, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, याचं कारण वर आलंच. ज्येष्ठमध घशाला बरं वाटतं म्हणून चघळत राहिलात तर ते स्टेरॉइडचा जोर वाढवतं, पोटॅशियम खाली आणि बीपी वर नेतं. सांध्यांसाठी पुडीत बांधून मिळणारी, नाव नसलेली चूर्णं तर सोडूनच द्या. त्यांत काय आहे ते देणाराही सांगत नाही, आणि पुष्कळदा त्यात वेदनाशामक किंवा स्टेरॉइडच निघतं. परदेशातल्या मंडळींसाठी एक नाव जास्तीचं : सेंट जॉन्स वर्ट. उदासपणावर तिकडे दुकानात सहज मिळतं आणि रिफाम्पिसिनसारखंच नाक्यावर भरती करतं. २००० साली त्यामुळे बदललेलं हृदय नाकारलं जायला लागल्याची दोन रुग्णांची नोंद आहे.

"नैसर्गिक आहे, त्याने काय होणार?" असं काकू विचारतात. सायक्लोस्पोरिनची बुरशी नॉर्वेच्या मातीत सापडली, सिरोलिमसचा जिवाणू ईस्टर बेटाच्या मातीत, आणि टॅक्रोलिमसचा जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीत, १९८४ साली. तेही सगळं नैसर्गिकच आहे, काकू.

पायरी पाचवी : दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी

खरा धोका इथे आहे. पपनस वर्षातून एकदा येतं, चिठ्ठी महिन्यातून एकदा.

अँटिबायोटिक : क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसला झपाट्याने वर नेतात. त्यांच्याच कुळातलं अझिथ्रोमायसिन त्या मानाने सौम्य, म्हणून गरज पडली तर पुष्कळदा ते निवडतात. जेंटामायसिन, अमिकासिन लेव्हल हलवत नाहीत, पण थेट किडनीवर जातात.

बुरशीची औषधं : फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, सगळीच वर नेणारी. व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात, यावरून जोर कळेल. नायट्यावर लावायच्या मलमाची एवढी चिंता नाही. पण तोंडात बुरशी आली म्हणून चघळायला देतात त्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळीनेही लेव्हल वाढते. ती गिळली जाते ना.

अंगदुखी : घरातल्या डब्यात पडलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, ॲसिक्लोफेनॅक, यांपैकी एकही नको. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं हे माहीत नसलेले लोक मला दर वर्षी भेटतात. ताप-दुखण्याला साधं पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मर्यादेत, आणि ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, हॉस्पिटलला फोन करायचा. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधीच सांगा; तोंडात यंत्र असताना सांगता येत नाही.

टीबी : आपल्या देशात ट्रान्सप्लांटनंतर टीबी होणं नवलाचं नाही. रिफाम्पिसिन सुरू झालं की टॅक्रोलिमसचा डोस काही पट वाढवला तरी लेव्हल सापडत नाही. म्हणून बरेच नेफ्रोलॉजिस्ट रिफाब्युटिन वापरतात किंवा रिफाम्पिसिनशिवायची योजना आखतात. टीबीचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावणं हे रुग्णाचं काम नाही खरं तर, पण करावं लागतं. फिटच्या गोळ्यांमध्ये फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन यांचंही असंच. लेव्हेटिरासिटाम मात्र या नाक्यावरून जात नाही.

युरिक ॲसिड : अझाथायोप्रिन घेणाऱ्याने ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट न विचारता घेतलं तर पांढऱ्या पेशी कोसळतात. प्रकरण जिवावर बेततं. अझाथायोप्रिन आणि ॲलोप्युरिनॉल दोन्ही गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या एकाच प्रयोगशाळेतून आली, आणि अझाथायोप्रिनच्या मूळ रेणूचं शरीरात होणारं विघटन रोखावं म्हणूनच त्यांनी ॲलोप्युरिनॉलचा अभ्यास सुरू केला होता. म्हणजे हा संयोग अपघात नाही, तो औषधाचा स्वभावच आहे. दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं.

कोलेस्टेरॉल : सायक्लोस्पोरिनबरोबर सिम्व्हास्टॅटिन नको, आणि बाकीची स्टॅटिनही अगदी कमी डोसात. अंग दुखून लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच दाखवा.

बीपी : इथे एक वेगळीच गोष्ट आहे. डिल्टियाझेम ही बीपीची गोळी नाकेदाराला थोडं गुंतवून ठेवते, म्हणून आपल्याकडे कित्येक डॉक्टर ती मुद्दाम देतात. त्याने टॅक्रोलिमस कमी लागतं आणि महिन्याचा खर्च उतरतो. ओपीडीच्या रांगेत माझ्यापुढे बसलेल्या एका काकांची डिल्टियाझेम दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी पाय सुजतात म्हणून बंद केली आणि जागी दुसरी गोळी दिली. बीपी उत्तम राहिलं, टॅक्रोलिमसची लेव्हल निम्म्यावर आली. काका म्हणाले, "मी तर एक औषध कमी केलं होतं, वाढवलं कुठे?"

म्हणून डॉक्टरांना दोन्ही वेळा कळवायचं : नवीन औषध सुरू होताना, आणि ते बंद होतानाही. सुरू झालं त्यानंतर तीन ते पाच दिवसांत लेव्हल, आणि बंद केल्यावर पुन्हा. रिफाम्पिसिन थांबवलं की नाक्यावरची जादा माणसं घरी जायला दोन आठवडे लागतात आणि लेव्हल तोवर हळूहळू चढत राहते. कोविडच्या गोळ्यांपैकी रिटोनाव्हिर असलेली जोडगोळी नाकेदाराचे हात बांधण्यात टोकाची आहे. ती सुरू करताना टॅक्रोलिमस बहुधा थांबवूनच ठेवावं लागतं, तेही फक्त ट्रान्सप्लांटच्या टीमने सांगितल्यावर.

लसींबद्दल एवढंच : जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीवर, आपल्याला चालत नाहीत. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. फ्लूची टोचायची लस दर वर्षी घ्यावी. आणि मायकोफेनोलेट घेणाऱ्या बाईने दिवस राहण्याचा विचार असेल तर किमान सहा आठवडे आधी औषध बदलून घ्यायला हवं. गर्भाला त्याने इजा होते.

पायरी सहावी : जुलाब लागले तर

सर्वसाधारण समज असा की जुलाबात औषध बाहेर पडतं आणि लेव्हल घसरते. टॅक्रोलिमसच्या बाबतीत पुष्कळदा उलटं होतं. आतड्याचं अस्तर सोलवटतं, तिथला जकात नाकाच मोडतो आणि गोळी न कापता रक्तात जाते. त्यात शरीरातलं पाणी गेलेलं, म्हणजे किडनीवर दुहेरी मार. म्हणून जुलाबात "गोळ्या लागू पडत नसतील" म्हणून जादा घेऊ नका आणि "पोट बिघडलंय" म्हणून बंदही करू नका. दोन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर लेव्हल, क्रिएटिनिन, पोटॅशियम तिन्ही काढा. मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात, तेव्हा कारण शोधायचं काम डॉक्टरांवर सोडा.

उलटी झाली आणि गोळी घेऊन अर्धा तासही झाला नसेल, किंवा उलटीत गोळी दिसली, तर पुन्हा घ्यायची का हे फोन करून विचारा. त्यापेक्षा जास्त वेळ झाला असेल तर सहसा पुन्हा घेत नाहीत.

मुळात जुलाब लागू नयेत म्हणून पहिलं वर्षभर तरी रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, कच्चं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धकच्चं अंडं यांना हात जोडायचे. मला उसाच्या रसाची अजून आठवण येते. घरी रस काढायचं छोटं यंत्र आणलंय, बर्फ उकळलेल्या पाण्याचा. आई म्हणते त्याला रसवंतीची चव नाही, आणि ते खरं आहे.

शेवटची पायरी : तोंडपाठ वाक्य

कुठल्याही दवाखान्यात, दाताच्या खुर्चीत, मेडिकलच्या काउंटरवर, अपघात विभागात, कागद पुढे करताना मी हे म्हणतो : "माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड चालू आहे. टॅक्रोलिमसची लेव्हल वरखाली करणारं किंवा किडनीला लागणारं काही लिहायच्या आधी या नंबरवर विचाराल का?" खाली ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरचा नंबर. बायकोलाही हे वाक्य पाठ आहे, आणि आईला 'टॅक्रोलिमस' म्हणता येत नाही म्हणून तिच्या मोबाइलच्या कव्हरमागे त्याच कागदाची एक घडी ठेवली आहे.